झेंडूच्या माळेतलं नेट

"वरच्या महालात नेट पोचलं पाहिजे, आणि वायर दिसता कामा नये! वायर दिसली तर दौलत, तुझी नोकरी गेली आणि राहती खोलीही गेली! समजलं?"

रायगव्हाणच्या हिंदुराव महाराजांनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सकाळीच असं बजावलं. राज्य जाऊन जमाना झाला होता, पण हट्ट जसाच्या तसा शिल्लक होता!

दौलत हा राजवाड्यातला वायरमन. पंख्यापासून नेटपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. तो बिचारा चाचरत म्हणाला, "सरकार, राउटर खाली दिवाणखान्यात. मधे दोन-दोन हात रुंद दगडी भिंती. वायफाय त्यातून वर येईपर्यंत दमून जातं. एक वायर टाकू द्या..."

"वायर? अरे, वायर म्हणजे दावं! दावं गुरांना बांधतात, राजाला नाही! आमच्याकडे सगळा बिनतारी कारभार आहे, असं मी निमसोडच्या आबासाहेबांना छातीठोकपणे सांगितलंय!"

"मग सरकारांनी खाली दिवाणखान्यात बसून खेळावं."

"राजा खाली बसत नसतो!"

आता बोला!

हे खेळणं कसलं, तेही सांगतो. पूर्वी म्हणे दसऱ्याला इथले राजे सीमोल्लंघन करून थेट निमसोडवर चालून जायचे. आता दोन्हीकडचे राजे आपापल्या महालात बसून लॅपटॉपवर बुद्धिबळ खेळतात. कॅमेरा लावून, एकमेकांना डिवचत, आरडाओरडा करत. पण हिंदुरावांचा डाव रंगात आला, वजीर शह द्यायला निघाला, की नेट गपकन बंद! ते परत सुरू होईपर्यंत आबासाहेब चार ठिकाणी फोन करून मोकळे, "हिंदुराव मैदान सोडून पळाले!" पळाले म्हणे! राजाला हा शब्द किती झोंबत असेल?

दौलत तोंड पाडून खोलीवर आला. त्याची बायको सगुणा राजवाड्याला फुलं पुरवायची. ती झेंडूच्या ढिगात बसली होती. सगळी हकीकत ऐकून ती खुदकन हसली.

"हसतेस काय? उद्या दोघांना बोचकी बांधावी लागतील!"

"अहो, पण वायर दिसायला नको, एवढंच म्हणाले ना? टाकायचीच नाही, असं म्हणाले का?"

दौलतनं डोकं खाजवलं. "तसं नाही म्हणाले..."

"मग आणा इकडं तुमची वायर! आणि बसा माझ्यासमोर फुलं निवडत."

दसऱ्याला राजवाडा नुसता पिवळाधमक झाला. दिवाणखान्यातून निघालेली झेंडूची माळ जिन्याच्या कठड्यावरून, दारांवरून वळणं घेत थेट वरच्या महालात पोचली होती. तिथंच शस्त्रपूजेला तलवारी मांडल्या, ढाल मांडली आणि महाराजांनी स्वतःच्या हातानं लॅपटॉपही पाटावर ठेवला. "आमचं आजचं शस्त्र!" सगुणानं हळदकुंकू वाहून माळेचं टोक त्या शस्त्राभोवती असं काही गुंडाळलं, की महाराज खूश झाले. "वा, शोभा आणलीस!"

डाव सुरू झाला. आणि काय सांगू! नेट एकदाही अडखळलं नाही. आबासाहेब घाम पुसायला लागले. हिंदुराव गरजले, "शह! पुन्हा शह! आणि ही घ्या मात!"

आनंदाच्या भरात महाराज लॅपटॉप छातीशी धरून पलीकडे बसलेल्या राणीसाहेबांना दाखवायला धावले. लॅपटॉप काही येईना! त्यांनी दिला हिसडा. फुलं भराभरा गळली, आणि महालाच्या मधोमध निळी वायर लोंबायला लागली.

तेवढ्यात पडद्यावरून आबासाहेबांचा आवाज आला, "काय हो हिंदुराव, ते निळं काय लोंबतंय? वायर की काय?"

दाराशी उभ्या दौलतनं डोळे मिटून घेतले. महाराजांचा चेहरा लालबुंद झाला. एवढ्यात सगुणा पदर खोचून पुढं आली आणि कॅमेऱ्याला नमस्कार करून म्हणाली, "दोरा आहे, सरकार! माळेतला दोरा!"

"एवढा जाड?"

"दिवाणखान्यापासून इथवर माळ आहे. बारीक दोऱ्याला पेलली असती का?"

"हं," म्हणून आबासाहेब गुरगुरले आणि पडद्यावरून नाहीसे झाले.

महाराजांनी लॅपटॉप आपटायचा तेवढा बाकी ठेवला. "माझ्यादेखत धडधडीत खोटं बोललीस? ही वायर आहे वायर! दौलत, बांध तुझं बोचकं!"

"सरकार, एक विचारू? मग खुशाल हाकला." सगुणाची नजर खाली नव्हती. "आज सकाळी देवळात गुरवानं सरकारांच्या गळ्यात काय घातलं?"

"माळ."

"तिच्यात दोरा होता?"

"असणारच! त्याशिवाय फुलं राहतील कशी?"

"मग सरकार का नाही ओरडले, गुरवानं माझ्या गळ्यात दावं बांधलं म्हणून?"

राणीसाहेब पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. महाराज त्यांच्याकडे डोळे वटारून बघायला गेले, पण त्यांनाच हसू फुटलं. इतकं, की फेटा कानावर आला.

"दौलतची नोकरी कायम! खोलीही कायम! आणि तुला काय हवं ते माग, पोरी!"

"मला काय हवंय, सरकार? पण ही फुलं दोन दिवसांत सुकणार, गळणार, आणि मग वायर दिसणार. रोज ताजी माळ लागेल. दिवाणखान्यापासून इथवर, अशीच लांब. तेवढं रोजचं काम माझ्याकडे द्या, म्हणजे झालं!"

"लबाड कुठली! दिलं!" महाराज हसत हसत मांडी ठोकून बसले. "आणि आधी हा उघडा पडलेला भाग झाक बघू पटकन! आबासाहेब परत आलेत, दुसरा डाव मांडतायत!"