कोंडाक्काजवळ कोण बसलं?

आपल्या आज्याचा आजा ज्याला म्हातारं म्हणत असेल, त्या माणसाच्याही आधीची ही गोष्ट. फार फार वर्षांपूर्वी माणदेशातल्या कुसळगावात कोंडाक्का नावाची सनगरीण राहायची. एकटी होती. माग चालवायची, घोंगड्या विणायची, आणि तिच्या अंगाला कायम चिंचोक्याच्या खळीचा वास यायचा.

त्या काळी माणसाला घोर लागायचा. आताही लागतो म्हणा. धडधाकट माणूस एका सकाळी उठत नसे. भाकरी नको, बोलणं नको, कुत्रं भुंकलं तरी छातीत धडधड. मग घरची माणसं त्याला देवऋष्याकडे न्यायची. देवऋषी मिरच्यांची धुरी द्यायचा आणि बकरं मागायचा. गुण आला नाही, की दुसरं बकरं. रोग परवडला पण औषध नको, अशी गत.

सिधू मेंढक्याला असाच घोर लागला. त्याच्या बायकोनं, बनाईनं, एक बकरं दिलं. दुसऱ्यासाठी ती राखून ठेवलेली लोकर विकायला कोंडाक्काकडे आली आणि दारातच रडली.

कोंडाक्का म्हणाली, "लोकर घरी ने. बकरं ऱ्हाऊ दे. मी येती."

ती गेली, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या सिधूजवळ बसली आणि आपली घोंगडी तिनं दोघांवर ओढून घेतली. "बोलू नगंस," ती म्हणाली. "मी हाय हितं." दिवस मावळला, पुन्हा उगवला. सिधू घोंगडीखाली रडला, मग झोपला, मग भूक लागली म्हणाला. कोंडाक्का उठली तेव्हा घोंगडी पावसात भिजल्यासारखी जड झाली होती. बाहेर तर ऊन रखरखत होतं, असं म्हणतात.

मग काय! फुकट ते पौष्टिक. गावात कुणालाही घोर लागला की कोंडाक्काला हाक. शेजारच्या वाड्यांतूनही लोक येऊ लागले. खुद्द देवऋषीसुद्धा तोंड झाकून आला होता, असं म्हणतात. ती कुणाला नाही म्हणाली नाही. घोंगडी मात्र दर माणसागणिक जड होत गेली. आधी ती खांद्यावरून न्यायची, मग ओढत न्यायची. पुढे तर माणसंच तिच्या दारी येऊ लागली, कारण घोंगडी जागची हलेना.

माग बंद पडला. कोंडाक्का बोलेनाशी झाली. गाव म्हणालं, तिला काय होतंय, ती तर दुसऱ्यांचा घोर काढते! एवढी शहाणी माणसं, पण काढलेला घोर जातो कुठं, हा पुढचा विचार कुणाला सुचला नाही. मला अजून त्या गावाचा राग येतो, आणि ते माझंच गाव आहे.

एकट्या बनाईला मात्र कळलं होतं. सुगीच्या दिवसांत ती दारावरून जाताना थांबली. आतून कोंडाक्का म्हणाली, "बने, मला घोर लागलाय गं. जरा बसतीस का?"

"एवढी ज्वारी काढती आन् येतीच, आक्का," बनाई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. ज्वारी खरंच उभी होती.

ज्वारी निघाली, खळं झालं, आणि बनाई आली तेव्हा कोंडाक्का घोंगडीखाली गार पडली होती. चार गडी लागले तरी घोंगडी उचलेना. बैल जुंपले, त्यांची जुवं मोडली. शेवटी बनाईनं घरोघर जाऊन माणसं बोलावली. ज्याच्या ज्याच्याजवळ कोंडाक्का बसली होती, त्यानं त्यानं काठाला हात लावला. तेव्हा कुठं घोंगडी उचलली गेली. हात लावणाऱ्या प्रत्येकाला आपापला भार ओळखू आला, आणि सगळं गाव ओरडून रडलं, असं म्हणतात. खाली कोंडाक्का एवढीशी उरली होती. बनाईनं तिला एकटीनं उचललं.

आता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घोराचे डॉक्टर बसतात, गोळ्याही मिळतात. कुसळगाव त्यांच्याकडे जातं. पण एकट्याला कुणी पाठवत नाही, सोबत कुणीतरी जातंच. दारं लावून बसलेल्या माणसाजवळ बसायची घराघराला पाळी आहे, आणि सुगीतही ती कुणी टाळत नाही. बसून आलेलं माणूस उंबऱ्याबाहेर पडलं, की तिथं दुसरं कुणीतरी वाट पाहत उभं असतं. ते कोंडाक्काचं नाव घेतं आणि विचारतं, "आन् तुझ्याजवळ कोण बसलंय?"

कुणीच नाही, असं उत्तर आलं, तर विचारणाऱ्यानं तिथंच खाली बसायचं. पीक उभं असलं तरी.