सोणकाने न सांगितलेली कपार

पूर्वी शूर्पारक बंदरात वरुणसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रंगाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोणक. बायको लवकर गेली. पदरी एकच मुलगी, तिलका. ती रंगाऱ्यांच्या नायकाच्या घरी दिलेली. महिन्यातून एकदा ती बापाला भेटायला येई, आणि त्या एका दिवसाच्या आशेवर सोणक उरलेला महिना काढी.

तिथल्या खडकांत बोराएवढी एक गोगलगाय असे. तिला डिवचले की पांढरा थेंब गळे. उन्हात तो आधी हिरवा होई, मग जांभळा, आणि मग कितीही धुवा, जात नसे. बाकीचे रंगारी तिला दगडाने ठेचत. सोणक नुसती फुंकर घाली, थेंब सुतावर घेई आणि तिला होती तिथे ठेवी. म्हातारा गोगलगाईची धार काढतो, असे म्हणून लोक हसत. हसोत बापडे!

ही गोगलगाय वर्षभर एकएकटी राहते. आठच दिवस सगळ्या एका कपारीत जमतात आणि खडकाला शितांसारखी अंडी चिकटवतात. ती कपार एकट्या सोणकाला ठाऊक होती.

एका वर्षी राणीला जांभळा शेला हवा झाला. एका शेल्याला हजारो गोगलगायी लागत, म्हणून नायकाने कपार विचारली. सोणकाने सांगायचे साफ नाकारले. मग नायकाने तिलकेलाच पाठवले.

“बाबा, सांगून टाका. नाहीतर माझं इथलं येणं बंद होईल.”

सोणक म्हणाला, “अंडी घालायला जमतात गं त्या. तिथंच ठेचल्या तर मागं काही उरणार नाही.”

“आणि मी?”

तरीही कपार त्याने सांगितली नाही.

तिलका गेली ती पुन्हा आली नाही. उरलेला किनारा रंगाऱ्यांनी दोन वर्षांत ठेचून संपवला आणि बिऱ्हाडे उचलून ते दक्षिणेला गेले, तीही गेली. सोणकाने पुढची वीस वर्षे एकट्याने काढली. बोलायला माणूस नव्हते, म्हणून तो गोगलगाईंशी बोले. त्या बिचाऱ्या काय बोलणार! त्याच्या अखेरच्या वर्षी त्या कपारीतून पसरत पुन्हा सगळ्या खडकांवर पोचल्या होत्या. ते पाहायला त्याच्याखेरीज कोणी नव्हते.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षुसंघाला म्हणाले, “तेव्हाचा सोणक मीच होतो. आणि तिलका म्हणजे ही खेमिका भिक्षुणी, जी इथे यायचा एकही दिवस चुकवत नाही. जिवाचे माणूस दुरावले तरी जो निश्चय ढळत नाही, त्याला अधिष्ठान म्हणतात.”