दारचा वाटा

एका राज्यात, जिथे हिवाळा मुक्कामाला येई आणि उन्हाळा नुसता डोकावून जाई, तिथे वीरबाहू राजा आणि हेमांगी राणी नांदत होती. त्या राज्यात सणाची एक रीत होती. पौषात घरोघरी बदामाचं सारण भरून गोल रोट भाजायचा. घरात माणसं जितकी, त्याहून एक तुकडा जास्त कापायचा. तो दारचा वाटा. त्या दिवशी जो कोणी दारात येईल, त्याचा. आणि घरातलं सगळ्यांत लहान लेकरू मेजाखाली बसून, न बघता, कुठला तुकडा कुणाचा ते सांगे. म्हणजे वाटणीत लबाडी नको.

राणीची केतकी पाच वर्षांची. अंगानं काडी, खाणं चिमणीचं. राणीचा जीव सदा टांगणीला. त्या सणाला केतकीनं आपला तुकडा संपवला आणि मेजाखालून हात बाहेर काढला.

"आई, अजून."

पोरीनं आपणहून मागितलं! राणीनं दारचा वाटा उचलून तिच्या हातावर ठेवला.

राजा म्हणाला, "अगं, तो दारचा."

"एवढ्या बर्फात कोण येतंय मरायला? खाऊ दे तिला."

तुकडा संपला आणि दार वाजलं. फाटकी घोंगडी पांघरून एक म्हातारी उभी.

"माझा वाटा?"

"आजी, यंदा रोट जळला हो," राणी म्हणाली. " काहीच नाही उरलं."

म्हातारीनं केतकीच्या ओठांवरचे कण पाहिले. ती जादूगारीण होती.

"दारचं घरात ठेवलंस. आता घरचं दारात जाईल."

केतकी दिसेनाशी झाली. ती होती तिथे वालाचा एक पांढरा दाणा पडला होता.

खिडकीतली साळुंकी बोलली, "राणी, रडणं नंतर. आधी पीठ आण, बदाम आण, आणि दाणा आत घालून रोट भाज. वाटणी मात्र खरी कर."

राणी चालत निघाली. डोंगरावर एक जातं होतं, ते आपलं खोटं कबूल केल्याशिवाय फिरत नसे. पहिला हिवाळा राणी तिथे नुसतीच बसून राहिली. "लेकरासाठीच केलं," एवढंच म्हणे. जातं हलेना. शेवटी ती म्हणाली, "रोट जळला नव्हता." जातं फिरलं, पीठ पडलं.

दुसऱ्या हिवाळ्यात ती एका शापित खजिन्यापाशी पोचली. रत्नांच्या राशीत सात बदाम, आणि वर नाग.

"काय देशील?"

"मागाल ते."

"लेकीला म्हणायचीस ती अंगाई दे."

राणीनं दिली. त्या क्षणापासून तिला तिची चालही आठवेना.

तिसऱ्या हिवाळ्यात घरी परतून तिनं दाणा घालून रोट भाजला. पण मेजाखाली बसणार कोण? घरात लहान कोणी उरलंच नव्हतं. राजाच गुडघे धरत आत शिरला.

"डोकं सांभाळा," राणी म्हणाली.

"तू सुरी सांभाळ."

सुरी फिरली. तिसऱ्या तुकड्याशी पात्याला काहीतरी टणक लागलं.

"हा कुणाचा?"

खालून आवाज आला, "दारचा."

बोटानं दाणा शेजारच्या तुकड्यात सरकवला असता, तर कोणाला कळलं असतं? राणीनं डोळे मिटले. तुकडा उचलला आणि दारात गेली. म्हातारी उभीच होती.

"आजी, तुमचा वाटा. तीन वर्षं उशीर झाला."

म्हातारीनं घास घेतला. म्हातारीनं दाणा तळहातावर काढला.

"ज्याला दाणा मिळाला, तो आजच्या दिवसाचा राजा. माझी आज्ञा आहे, पोरीनं घरी जावं."

दारात केतकी उभी होती. आठ वर्षांची, उंच, गालावर लाली. पुढचे दोन दात नवे. जुने कधी पडले, कुठे पडले, आईला ठाऊक नाही.

निजताना केतकी म्हणाली, "आई, ती अंगाई म्हण ना."

राणी तिला नुसती थोपटत राहिली.

घर सावरलं. सणाला दारचा वाटा आता सगळ्यांत आधी काढतात, आणि रोटात एक दाणा घालतात. दूर फ्रान्स देशातही 'राजांचा केक' म्हणून असाच दाणा घातलेला रोट कापतात, मेजाखाली लेकरू बसतं, आणि एक वाटा येणाऱ्यासाठी राखतात. तिथल्या आयांना हेमांगी राणी ठाऊक नाही. वाटा मात्र त्या राखतात. राणीनंही राखला असता, तर ही गोष्ट सांगावीच लागली नसती.