एक अंगावर, एक दोरीवर, एक पेटीत

रुईच्या शेंगा तडकल्या की ज्या मुलखात पांढऱ्याशुभ्र म्हाताऱ्या वाऱ्यावर तरंगायला लागतात, त्या मुलखात कवठी नावाचं गाव होतं. त्या गावात बकुळा नावाची एक चिमुकली मुलगी नुकतीच राहायला आली होती. सोबत तिचे बाबा, केरोबा, आणि एक मोठी पत्र्याची पेटी. आई नव्हती, स्वतःचं घर नव्हतं. बकुळाच्या परकराला इतकी ठिगळं होती, की मूळ कापड कुठलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

पेटी मात्र गच्च भरलेली. केरोबा पूर्वी एका नाटक कंपनीत होते. पडद्याआड बसायचं आणि नट वाक्य विसरला की हळूच सांगायचं, हे त्यांचं काम. वीस नाटकं तोंडपाठ, किती नटांना तर अक्षरं त्यांनीच शिकवलेली. पण अंधारात बसणाऱ्या माणसाला कोण बघतंय? एका सदऱ्यावर त्यांचं भागायचं. मग कंपनी बंद पडली, आणि निरोप देताना मालकांनी उरलेले पोशाख त्यांच्या पेटीत कोंबले. राजाचा जांभळा मखमली अंगरखा, सेनापतीचा पितळी बटणांचा लोकरी कोट, विदूषकाची लाल-पिवळ्या पट्ट्यांची विजार, राक्षसाची केसाळ तुमान, ऋषींची भगवी छाटी आणि प्रधानजींचा फेटा. एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ. पेटीचं झाकण लागत नव्हतं, आणि केरोबांना घालायला कपडा नव्हता. असल्या पेट्या घरोघरी असतात, नाटकात काम न करणाऱ्यांच्यासुद्धा.

कवठीच्या शाळेला मास्तर हवा होता. गावचे पाटीलबुवा म्हणाले, आठ दिवस शिकवून दाखवा, पुढच्या सोमवारी मी येऊन बघेन; पोरं शिकत असतील तर शाळा तुमची आणि आत्ता उतरलात ती शेजारची खोलीही तुमची, नाहीतर आपला रस्ता धरा. रस्ता धरायचा म्हणजे काय, ते बकुळाला ठाऊक होतं. बाबा एकटे काम शोधत हिंडणार आणि ती लांबच्या मावशीकडे जाणार.

केरोबांचा एकुलता सदरा प्रवासातच फाटला होता. सोमवारी ते वर राजाचा अंगरखा आणि खाली विदूषकाची विजार घालून शाळेत गेले. एका पोरानं विचारलं, "महाराज आले, पण विदूषक कुठं राहिला?" दुसरा म्हणाला, "आलाय की, खाली बघ." मग काय, दिवसभर हसू. एक अक्षर कुणी गिरवलं नाही.

संध्याकाळी बकुळा शाळेमागच्या बागेत जाऊन बसली. जांभळट फुलांच्या रुईखाली सोनेरी ऊन सांडलं होतं, आणि कोळ्याच्या जाळ्यात एक इवलीशी म्हातारी अडकून थरथरत होती. गावातली पोरं म्हाताऱ्या मुठीत पकडत आणि चुरगाळून टाकत. बकुळानं मात्र एकेक धागा अलगद सोडवला आणि हलकेच फुंकर घातली.

म्हातारी उडाली नाही. ती गरगर फिरली, लखलखली, आणि पानावर अंगठ्याएवढी एक परी येऊन बसली. रुपेरी केस, दवाचे पंख, चिमुकल्या नाकावर चिमुकला चष्मा.

"बरं केलंस पोरी," ती म्हणाली. "मघापासून त्या कोळ्याला समजावून माझा घसा बसला. माग काय हवं ते. पण माझे नियम आहेत."

बकुळानं मान डोलावली.

"रोज सांजेला एक, अशा सहा मागण्या. एका मागणीला एकच कपडा. नवा आत आला, की जुना एक बाहेर, आणि तो अशालाच द्यायचा ज्याला त्याचा उपयोग आहे. नव्याचं पेटीतल्या नव्यांशी पटलं नाही, तर तो पेटीत राहणार नाही. सहावी मागणी तुझी स्वतःची. त्या परकराकडे बघवत नाही मला."

बकुळा होती कंपनीत वाढलेली. तिथं कपडा चांगला कधी, तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिव्याच्या उजेडात चमकताना दिसला तर. म्हणून तिनं पहिलाच मागितला मोरपंखी सदरा, टिकल्या-टिकल्यांनी भरलेला. तो असा झळाळत आला, की रुईची फुलं लाजली. नियमाप्रमाणे राक्षसाची तुमान शेतकऱ्याच्या बुजगावण्याला गेली, आणि त्या दिवसापासून पाखरं त्या शेताच्या वरूनसुद्धा उडेनात.

मंगळवारी केरोबा मोरपंखी सदऱ्यात फळ्यापुढे उभे राहिले. खिडकीतून ऊन आलं आणि टिकल्यांचे कवडसे भिंतीभर नाचायला लागले. पोरं उठली आणि दिवसभर तळव्यांनी कवडसे पकडत राहिली. मास्तर काय सांगतायत, ते कुणाच्या कानात शिरलं नाही.

सांजेला बकुळा खाली मान घालून परीपुढे उभी राहिली. परी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "सदऱ्याला विचारलंस का, बाळा, तुझं कुणाशी जमेल?"

आता बकुळा नीट विचार करायला लागली. बाबा रोज खडू हातात घेतात, ओट्यावर बसतात, पोरांना कडेवर घेतात. मग तिनं राखेच्या रंगाची साधी विजार मागितली. पेटीत ठेवताना ती विजार हळूच म्हणाली, "माझं कुणाशी भांडण नाही." मोरपंखी सदऱ्याचं मात्र तिच्याशी जमेना, तो आपणच पेटीबाहेर पडला आणि घरातल्या खुंटीवर जाऊन बसला. बुधवारी सांजेला बकुळानं दुधासारखा पांढरा सदरा पुढे धरून विजारीला विचारलं, आणि विजार म्हणाली, "ये, बस." गुरुवारी आभाळी निळा सदरा आला, शुक्रवारी ओल्या मातीच्या रंगाची दुसरी विजार. चौघं पेटीत गोकुळासारखी राहिली. जुन्यांपैकी सेनापतीचा कोट कुडकुडणाऱ्या राखणदारबाबांकडे गेला, फेट्याचा बाळंतिणीच्या झोळीला उपयोग झाला, छाटी देवळातल्या पुजाऱ्यांनी घेतली आणि पट्ट्यापट्ट्यांची विजार नंदीबैलवाल्यानं हसत नेली.

केरोबा जरा हिरमुसले. पांढरा सदरा हातात धरून म्हणाले, "बकू, हे लांबून दिसायचं नाही गं."

"लांबून कोण बघतंय, बाबा?" बकुळा म्हणाली. "पोरं तुमच्या पुढ्यात बसतात."

 वीस वर्षं पडद्याआड बसलेल्या माणसाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. केरोबांनी सदरा अंगात घातला. तो खांद्यावर असा बसला, जणू तिथंच जन्मला होता. शुक्रवारी पोरांनी पाढा म्हटला. शनिवारी तर नाटकातल्या राजाची गोष्ट ऐकता ऐकता एका चिमण्या पोरीच्या हातून दौत कलंडली आणि निळ्या सदऱ्यावर शाई सांडली. केरोबांनी तिलाच जवळ घेतलं, म्हणाले, सदरा धुता येतो, तू रडू नकोस.

सहावी मागणी बकुळानं जपून ठेवली होती. परकर कसा हवा, हे मनात कितीदा शिवून झालं होतं. डाळिंबी रंग, हिरवे काठ, आणि खाली बारीक चुण्या.

रविवारी दुपारी एक वासरू ओढ्याच्या चिखलात रुतलं. केरोबा पांढऱ्या सदऱ्यानिशी धावले, वासरू बाहेर काढलं आणि गळ्यापर्यंत चिखल घेऊन घरी आले. बकुळानं सदरा आणि राखी विजार धुतली. आता दोरीवर दोन ओले सदरे, एक शाईसाठी पुन्हा धुतलेला, एक चिखलाचा, आणि ती विजार. पेटीत मातकट विजार आणि राजाचा मखमली अंगरखा. सदरे रातोरात वाळणार नव्हते, आणि उद्या पाटीलबुवा येणार होते.

बकुळा बागेत गेली. डोळ्यांपुढे डाळिंबी परकर फडफडत होता. तिनं तो मनातल्या मनात घडी घालून ठेवला आणि ती म्हणाली, "परीआजी, बाबांना एक बदामी सदरा दे. एक अंगावर, एक दोरीवर, एक पेटीत. मग कधी अडायचं नाही."

"आणि तुझा परकर?"

"ठिगळांवर अजून एक बसेल," बकुळा म्हणाली.

परीनं चष्मा काढला आणि उगीचच बराच वेळ पुसला.

सोमवारी पाटीलबुवा आले आणि मागे सतरंजीवर टेकले. केरोबा बदामी सदऱ्यात, मातकट विजारीत वाचून दाखवत होते. कुणी हसलं नाही, कुणी वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं पाटीलबुवाही पोरांबरोबर मोठ्यानं म्हणायला लागले. शाळा सुटल्यावर ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या अंगावर काय आहे, हे मी आत्ता बघितलं. इतका वेळ तुमच्या तोंडाकडेच बघत होतो. खोलीला कुलूप घ्या चांगलं. राहायचंय तुम्हाला इथं."

राजाचा अंगरखा शाळेतल्या खुंटीवर गेला. ज्या पोराला राजाचं वाक्य म्हणायचं असेल, त्यानं तो घालावा. राहिला घरातल्या खुंटीवरचा मोरपंखी सदरा. तो कुणालाच नको होता. बकुळानं त्याची नीट घडी घातली आणि रुईपाशी नेला.

"आजी, हा परत घे," ती म्हणाली. "सदरा वाईट नव्हता. मागताना मी चुकले."

"इतक्या वर्षांत," परी म्हणाली, "कपड्याला दोष न देणारी तूच पहिली भेटलीस."

तिनं सदऱ्यावर फुंकर घातली. टिकल्या उडाल्या, फिरल्या, पुन्हा येऊन बसल्या, आणि बकुळाच्या हातात एक परकर-पोलकं आलं. मोरपंखी, हिरव्या काठांचं, खाली बारीक चुण्या. तिच्या मापाचं, वाढत्या अंगाला आत दोन बोटं कापड सोडलेलं. बकुळा वर बघते तो परी चमचमायला लागली होती. आधी केस उजळले, मग पंख, मग चिमुकला चष्मा, आणि रुईचं झाड पांढऱ्या उजेडानं भरून गेलं. उजेड ओसरला तेव्हा एक म्हातारी वाऱ्यावर उंच उंच जात होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बकुळा अंगणात गिरकी घेत होती, भिंतीवर कवडसे नाचत होते, आणि सगळी पोरं ते पकडायला धावत होती. केरोबा ओट्यावर बसून बघत होते, निळ्या सदऱ्यात, राखी विजारीत. तीन सदरे आणि दोन विजारी, एकेकीबरोबर एकेक घातला तर किती दिवस वेगळे दिसतात, ते बोटांवर मोजा. शाळेचा आठवडा बरोबर भरतो.

बकुळाच्या बाबांची पेटी भरली, तशी तुमच्याही बाबांची भरो. पण झाकण लागेल इतकीच.