ज्याच्या नावाचा घास

"नव्या सुनेचा पायगुण, दुसरं काय! हिने उंबरठा ओलांडला आणि पोराची अन्नावरची वासना उडाली."

एका राज्यात, जिथे डोंगर मनाला येईल तेव्हा जागा बदलीत आणि पाखरे माणसांशी बोलत, राजाची थोरली बहीण आत्याबाई पडद्याआड असे म्हणाल्या. पडद्याच्या अलीकडे राजाची नवी सून सुवेणी विडे लावीत बसली होती. तिने ऐकले. हातातली सुपारी आणखी बारीक कातरली आणि गप्प राहिली.

गप्प राहणाऱ्याला दिसते फार. तिचा धाकटा दीर, पाच वर्षांचा राजपुत्र मणिसेन, वाळून काडी झाला होता. उन्हात उभा राहिला की त्याच्या अंगातून पलीकडची भिंत दिसे. राजवैद्य म्हणाले होते, "पौर्णिमेपर्यंत मूल दिसेनासे होईल."

आणि भरवणे तर दिवसभर चाललेले! ढोल वाजे, अस्वल नाचे, विदूषक कोलांट्या मारी. मुलाने हसायला तोंड उघडले रे उघडले की राणीसाहेब घास कोंबीत. "हा घास चिऊचा. हा काऊचा. हा बाबांचा, हा आत्याचा." मुलाने मान फिरवली की आत्याबाई अक्षय रांजणात हात घालीत आणि लाडूही कुणाच्या तरी नावानेच भरवीत. एक लाडू काढावा, तो आत दुसरा तयार होई. दुधीची भाजी शिजे ती एकट्या मुलासाठी. मोठ्यांच्या पानात जिलब्या. आणि वर म्हणायचे, पोराला भाजीची गोडीच नाही! सुवेणीची कानशिले तापत.

एके सकाळी खिडकीत धप्पकन काहीतरी पडले. चिमणी होती, पण कोंबडीएवढी.

"बाई, मला सोडव," चिमणी म्हणाली. "दाणा टिपत नाही, तरी पोट तट्ट फुगतं. उडता येत नाही."

"कुणाच्या अन्नाने?"

"माझ्या नावाच्या घासाने. तुझ्या लग्नाआधीची गोष्ट. एक मांत्रिक उपाशी या दारी आला. 'थांबा, बाळ जेवतोय,' म्हणून त्याला उन्हात बसवलं. दिवस मावळला, बाळाचं जेवण काही आटपेना. मग तो म्हणाला, ज्याच्या नावाचा घास, त्याच्याच पोटी जाईल."

राजाचा कमरपट्टा दर महिन्याला का वाढवावा लागतो आणि आत्याबाईंना उठवायला दोन दासी का लागतात, हे सुवेणीला तेव्हा कळले. लग्नाआधी! आणि पायगुण म्हणे माझा!

चिमणीने मांत्रिकाचा डोंगर दाखवला; त्या दिवशी तो नदीपलीकडे उभा होता. सुवेणी चढून गेली.

"शाप मागे घ्या."

"शाप मी दिला," मांत्रिक म्हणाला. "चालवतात तुझ्या घरचे. मुलाने आपण होऊन मागितलेला, आपल्या हाताने उचललेला एक घास पोटी गेला की शाप तुटेल. त्यासाठी तीन कामं कर. रांजण रिकामा कर. तमाशा थांबव. सगळ्या घराला एका पंगतीत एकच अन्न वाढ, आणि मुलाच्या पानाकडे कुणाला बघू देऊ नकोस."

"त्यापेक्षा एखादा राक्षस मारला तर?"

"ते सोपं असतं, म्हणून सांगितलं नाही."

सुवेणीने सारे राजाच्या कानी घातले. राजा खिन्नपणे हसला. "एक दिवस देतो, सूनबाई. उद्याचा."

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच कामाला लागली. रांजण भरे तो हात घालून लाडू काढला की. तिने हात घातलाच नाही. रांजण उपडा केला. तो रिकामा झाला आणि रिकामाच राहिला. मग तिने ढोलवाले, विदूषक आणि अस्वल यांना आमटी-भाकरी पोटभर वाढली. जेवलेले अस्वल नाचत नाही; ते ओसरीवर पसरून घोरू लागले.

मणिसेन लाडवासाठी रडला, लोळला. सुवेणी भाकऱ्या थापीत राहिली.

"उपाशी मारणार का पोराला?" आत्याबाई कडाडल्या. सुवेणीने पाट मांडले.

दुपारी एकच पंगत बसली. सर्वांना ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, लाल भोपळ्याची भाजी. त्या दिवशी कुणाच्या नावाचा घास निघाला नव्हता, म्हणून राजाला वर्षात पहिल्यांदा कडकडून भूक लागली होती. त्याने भोपळा दुसऱ्यांदा मागितला. मुलाच्या पानाकडे कुणी पाहिले नाही. मुलाने मात्र सगळ्यांच्या पानांकडे पाहिले.

"बाबा, ते गोड आहे?"

"थोडं," राजा आपल्या पानातच बघत म्हणाला.

"वहिनी, मला पण."

सुवेणीने वाढले. तेवढ्यात राणीसाहेबांचा हात सवयीने पुढे झाला, "हा घास आजोबां..." सुवेणीने सासूचे मनगट धरले. सासूच्या हाताला आजवर कुणी हात लावला नव्हता.

मणिसेनने बोटांनी भोपळा उचलला, नाकापाशी नेला, जिभेवर ठेवला आणि गिळला. घास त्याच्याच पोटी गेला. मुलाच्या अंगातून दिसणारी पलीकडची भिंत दिसेनाशी झाली. खिडकीतली चिमणी मुठीएवढी झाली आणि भुर्रकन उडाली.

राणीसाहेब रडू लागल्या. आत्याबाईंनी हात जोडले. "माझा नवस फळला गं! उद्या बाळाला पुन्हा ढोल लावा, अस्वलाला उठवा, आणि तो रांजण सरळ करा. लेकराने भाजी खाल्ली, त्याला लाडू नको द्यायला?"

सुवेणीने हातातली पळी खाली ठेवली. लग्न झाल्यापासून वडीलधाऱ्यांपुढे ती प्रथमच मोठ्याने बोलली.

"रांजण उपडाच राहील, आत्याबाई. लाडू सणाला करू, सगळ्यांना करू, भाजीची लाच म्हणून नाही. आपण शिजवायचं, वाढायचं आणि शेजारी बसून तेच खायचं. किती खायचं ते त्याचं पोट त्याला सांगेल. आणि पानाच्या कडेला सारून ठेवलेला तुमचा भोपळा तो मघापासून बघतो आहे. आधी तो संपवा."