फकिराचा चुडा

"मग हे दुखनं जानार तरी कवा, बाबा?"

माळावरचा चांदशा फकीर शेंगा फोडत बसला होता. दाणे तोंडात, टरफलं गजराबाईच्या पदरावर.

"कंचं दुखनं?"

आता गजराबाई म्हणजे साधी असामी नव्हे. पाच गावांची कासारीण. तीस वर्षांत बांगड्या भरताना कुणाच्या हाताला ओरखडा म्हणून काढला नाही, आणि हे ती दिवसातनं चारदा सांगायची. कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

"छातीचा कॅन्सर झालता न्हवं का मला! आपरेशन झालं, केमो झाल्या, शेक झाले. डाक्तर म्हनतोय, रोग गेला. त्याला बी दोन वर्सं झाली. पन बोटांची आग हाय तशीच. खाजकुयली लावल्यागत. आन् डावा हात खांद्यापास्नं वढतोय."

"गोळ्या?"

"खाते की. डाक्तर म्हनला, कमी हुईल, पन थोडं ऱ्हाईल."

"मग खात ऱ्हा."

"एवडं ऐकायला मी चढ चढून आले व्हय?"

"न्हाई. शेंगा खायला आलीस. घे."

तिनं शेंगा घेतल्या नाहीत. पेटी पुढं सारली. बांगड्यांची पेटी, दोन वर्षं कडी न उघडलेली.

"परवा भाचीचा चुडा हाय. पोरगी हटून बसलीया, आत्याच्याच हातनं भरनार म्हनून. बोटं अशी जळत असताना कशी भरू? लगनाच्या चुड्यात एक जरी बांगडी वाढली तर... दुखनं थांबनार असंल तर तसं सांगा. न्हाईतर ही पेटी घ्या आन् द्या कुनाला बी."

"कुनाला बी?"

"कुनाला बी."

बाबानं कडी काढली. आत डोकावला. आणि आपला उजवा हात तिच्या मांडीवर ठेवून दिला.

"भर."

"काय?"

"चुडा."

भिंतीला टेकून बसलेली दोन म्हातारी माणसं एकदम खोकायला लागली.

"अवो, बाप्या मानसाला..."

"बाप्याला हात नसतो व्हय?"

"असतो, पन हा हात हाय का म्हशीचा खूर? ह्यात मोट्यात मोटं माप जायचं न्हाई."

"म्हंजे तीस वर्सं नुसती गावं हिंडलीस, म्हन की."

हे मात्र झोंबलं. गजराबाईनं पदर खोचला, मोठ्यातली मोठी हिरवी बांगडी काढली, बाबाचा अंगठा तळव्यात मुडपला. बांगडी सांध्यांवर अडली.

"मेलो! मेलो!" बाबानं हात ओढला.

"वढू नगा! सैल सोडा. आकसलं की जास्त लागतं."

"आसं? कुनी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाय पायजे? तीस वर्सं मीच सांगतीया समद्या बायास्नी."

"हां..." बाबानं एक शेंग दातानं फोडली.

गजराबाईनं आपल्या बोटांकडं बघितलं.

मग तिनं हात पुन्हा धरला. बोटं पेटली, तशी ती थांबली, फुंकर मारली. डाव्या हातात जोर येईना, म्हणून बाबाचं मनगट गुडघ्याखाली दाबून धरलं. असं तिनं कधी केलं नव्हतं. पहिली बांगडी गेली.

दुसरी वाढली. कट्‌कन दोन तुकडे.

बाबाच्या मनगटावर रक्ताचा बारीक ठिपका आला. गजराबाईचं तोंड उतरलं. तीस वर्षांतला पहिला.

"लागलं, बाबा..."

"लागलं."

"मी म्हनलं न्हवतं..."

बाबानं ठिपका पुसला. हात होता तिथंच राहू दिला.

"वाट कुनाची बघतीस?"

तिसरी गेली. चौथी गेली. मधे तिनं दोनदा बोटं झटकली, एकदा डोळे पुसले, एकदा बाबाला शिवी दिली. बोटं जळतच होती, खोटं कशाला सांगू. पण अकरा बांगड्या भरल्या.

बाबानं हात कानाशी नेऊन वाजवून बघितला. म्हाताऱ्यांना दाखवला. मग घोंगडीखालनं डावा हात काढून तिच्यापुढं धरला.

गजराबाईनं बघितलं. मनगट वाकडं. सांधे सुंठीच्या कांड्यांसारखे सुजलेले. तिनं नुसतं बोट लावलं, तर बाबानं श्वास आत ओढला. ह्या वेळी ओरडला नाही.

"दुखतोय?"

"दुखतोय."

"कवापास्नं?"

"चोवीस वर्सं."

तिनं तो हात अलगद मांडीवर घेतला.

"मग कसं करता, बाबा?"

बाबा पेटीवर वाकला. नीट निरखून बघितलं.

"ह्या हातात लाल भर. हिरव्या लई झाल्या."