केतकी राणी आणि आरशांचा राजवाडा

सरका जवळ. मुक्ते, पांघरूण एकटीनं ओढू नकोस गं, भावालाही दे. हं.

एकदा काय झालं, महीपाल नावाचा एक राजा होता. त्याला वेड कशाचं? तर राजवाडे बघायचं! शेजारपाजारचे सगळे बघून झाले. मग म्हणाला, आता जगातले बघणार. "हा गेलो नि हा आलो," असं केतकी राणीला सांगितलं, राजहंसाच्या पाठीवर बसला आणि उडाला की भुर्रकन!

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग एक दिवस हंस आला. पण पाठीवर राजाच नाही! हंसाला बोलता येईना, पण वाट पाठ होती. राणीनं पदर खोचला. म्हणाली, "त्यांना नेलंस तिथं मला ने."

आधी लागला बर्फाचा देश. तिथं पांढराशुभ्र राजवाडा, वर सोन्याचे घुमट, अगदी कांद्यासारखे बरं का! तिथली म्हातारी राणी म्हणाली, "आला होता तुझा राजा. घुमट बघून वा वा म्हणाला नि पुढे गेला."

मग लागला वाळूचा देश. तिथला राजवाडा लालबुंद. अंगणाअंगणात कारंजी, भिंतींवर रांगोळीसारखी नाजूक नक्षी. तिथल्या सुलतानानं राणीला खजूर दिले. म्हणाला, "बाई, तुझा राजा आरशांच्या राजवाड्यात गेला. तिथं जो अडकतो, तो हळूहळू विरत जातो. शेवटी नुसतं प्रतिबिंब उरतं. लवकर जा!"

हंस उडाला तो थेट तिथंच. राणी आत शिरली आणि बघते तर काय, भिंतीत राजा, छतात राजा, जिकडं तिकडं महीपालच महीपाल! सगळ्यांची दाढी वाढलेली. राणी एकाकडे धावली. टण्ण! कपाळ आरशावर आपटलं. दुसऱ्याकडे धावली. पुन्हा टण्ण! मग ती थांबली. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"अहो, ऐकू येतंय का?"

लांबून बारीक आवाज आला, "येतंय गं. पण यातला मी कुठला, ते मलाच कळेना."

"बोलत राहा. घरी गेल्यावर काय जेवायचं, ते सांगा."

"भरली वांगी," राजा म्हणाला. राणी आवाजाकडे सरकली. "कढी." आणखी सरकली. "आणि तांदळाची खीर, वेलची घातलेली..."

राणीचा हात पुढे गेला. बोटांना बोटं लागली. गार होती हो, पण खरी होती!

"आता डोळे मिटा, नि या माझ्यामागे."

चाचपडत, धडपडत दोघं बाहेर आली. उन्हात राजानं डोळे उघडले. राणीकडे बघून म्हणाला, "अगं, केवढं टेंगूळ आलंय तुला!" आणि लागला रडायला. राणी मात्र हसायला लागली.

मग हंसावर दोघं मावली कशी? अरे, राजा वाळून काटकुळा झाला होता ना!

राज्यात नगारे वाजले, दारोदारी तोरणं लागली. राजाराणी सुखात राहिली, त्यांची रयत सुखात राहिली. तुम्हीही सुखात राहा, बाळांनो. चला, कूस बदला, निजा आता.